अडतीस वर्षांचं निष्क्रिय खातं

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना जे सुटलं ते लिहिताना भरून घेतलं आहे.)



आपले सचिव मला म्हणाले, "काकाजी, तुम्ही बँकेत होता, संस्थेच्या पंचवीस वर्षांच्या हिशेबावर बोला." मी म्हटलं, तो हिशेब अहवालात छापलेला आहे आणि ऑडिटरनं त्यावर सही केली आहे. आता मी काही बोललो तर उगाच शंका निघतील. मला दुसऱ्या एका हिशेबावर बोलू द्या. विषय सांगितल्यावर ते जरा गडबडले. डास, गोचीड आणि त्यांच्यामुळे येणारे ताप! रौप्यमहोत्सवाला हा काय विषय झाला? पण मागच्या पावसाळ्यात आपल्याच गल्लीत तीन घरी डेंग्यू निघाला. तेव्हा आपण सगळे घाबरलो होतो आणि दिवाळीपर्यंत विसरूनही गेलो. म्हणून म्हटलं, सगळे एका ठिकाणी बसले आहेत तर बोलून घ्यावं.

मी डॉक्टर नाही. बी.कॉम. झालो आणि चौतीस वर्षं बँकेत काढली. त्यामुळे औषध सांगणार नाही. पण बँकेत एक सवय लागते. संध्याकाळी रोकड जुळली नाही, तर फरक दहा रुपयांचा असो की दहा हजारांचा, माणूस घरी जात नाही. एकेक व्हाउचर मागं मागं तपासत जायचं आणि नोंद कुठून आली ते शोधायचं. या आजारांचा शोधही अगदी असाच लागला आहे. आणि त्यातलं एक मोठं पान आपल्या विदर्भात लिहिलं गेलं, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल.

आधी माझ्या घरची गोष्ट सांगतो. माझी मुलंसुद्धा आज ती पहिल्यांदा ऐकतील.

माझा जन्म इथून दहा-बारा किलोमीटरवरच्या एका खेड्यातला. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता, आपण भंडारा जिल्ह्यात होतो. मी अकरा-बारा वर्षांचा असेन. पावसाळ्याचे दिवस, धानाची रोवणी सुरू होती. माझा लहान भाऊ पाच वर्षांचा. आई रोवणीला जाताना त्याला सोबत न्यायची, बांधीच्या पाळीवर खेळायला सोडायची. रात्री आम्ही सगळे गोठ्याला लागून असलेल्या पडवीत, जमिनीवर घोंगडी टाकून झोपायचो. एका सकाळी त्याला ताप भरला. दुपारी उलट्या झाल्या, संध्याकाळी झटके यायला लागले. बाबांनी बैलबंडी जुंपली. पाऊस, चिखल, रात्र. पहाट व्हायच्या आधी तो गेला. चोवीस तासही पूर्ण झाले नव्हते.

गावात प्रत्येकानं आपापलं कारण सांगितलं. कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं बाहेरचं झालं, कोणी म्हणालं डोक्यात ताप चढला. आईनं मात्र एकच कारण धरलं. "मीच त्याले बांधीवर नेलं, मीच पावसात भिजवलं." पुढं आई पन्नास वर्षं जगली. नातवंडं, पतवंडं पाहिली. पण दर वर्षी रोवणी लागली की दोन दिवस ती कोणाशी बोलायची नाही.

हे इथंच ठेवतो आणि तुम्हाला नागपूरला घेऊन जातो.

१९५२ साली पुण्यात एक संस्था सुरू झाली. नाव व्हायरस रिसर्च सेंटर. आपली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन, दोघांनी मिळून ती काढली. आज तिला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणतात. कोरोनाच्या काळात तुम्ही हे नाव रोज टीव्हीवर ऐकलं असेल, पण ती कोरोनासाठी निघालेली नव्हती. डास, गोचीड, माश्या असे रक्त पिणारे किडे कोणकोणते विषाणू इकडून तिकडे नेतात, हे शोधायला ती निघाली होती.

काम कसं चालायचं? संध्याकाळी गोठ्यात जायचं, हातात टॉर्च आणि एक नळी. भिंतीवर बसलेला डास नळीनं ओढून बाटलीत घ्यायचा. असे हजारो डास जातवार वेगळे करायचे, वाटायचे, आणि त्यात विषाणू आहे का ते उंदरांच्या पिल्लांत किंवा काचेच्या बाटलीत वाढवलेल्या पेशींत तपासायचं. दुसरीकडे तापाच्या रुग्णाचं रक्त घ्यायचं, बर्फात ठेवून पुण्याला न्यायचं आणि त्यातही तेच पाहायचं. दोन्हीकडचा विषाणू जुळला तर नोंद जुळली. आमच्या भाषेत सांगायचं तर खातेवहीचं आणि रोजकिर्दीचं पान जुळलं.

१९६५ साली नागपुरात तापाची मोठी साथ आली. चिकुनगुनिया आणि डेंग्यू. पुण्याच्या लोकांनी रुग्णांचं रक्त गोळा केलं. त्यातल्या दोन रुग्णांच्या रक्तात असा एक विषाणू मिळाला, जो डेंग्यूशीही जुळेना आणि चिकुनगुनियाशीही जुळेना. नागपूरकडच्या ज्या वस्तीवरून तो मिळाला, तिचंच नाव त्याला दिलं: चांदीपुरा. भट्ट आणि रॉड्रिग्ज या शास्त्रज्ञांनी १९६७ साली त्यावर लेख प्रसिद्ध केला. पुढं औरंगाबादकडच्या वालुमाश्यांत हाच विषाणू सापडला, १९७० साली ते छापून आलं. म्हणजे वाहणारा कोण, तेही कळलं.

पण त्या वेळी या विषाणूला कोणी मोठा गुन्हेगार मानला नाही. साधा ताप येतो आणि जातो, एवढंच दिसत होतं. मध्ये एकदा, १९८० च्या सुमारास, रायपूरकडे मेंदूला सूज आलेल्या रुग्णात तो मिळाला. बाकी काही नाही. आम्ही बँकेत ज्या खात्यावर वर्षानुवर्षं व्यवहार होत नाही त्याला निष्क्रिय खातं म्हणतो. तसंच हे खातं पुण्याच्या शीतकपाटात पडून होतं. कोणी विचारलं असतं की, कशाला हा खर्च, कशाला ही वीज, तर उत्तर देणं अवघड होतं.

मग २००३ चा पावसाळा आला. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात लहान मुलं पटापट आजारी पडू लागली. सकाळी ताप, मग उलट्या, झटके, बेशुद्धी. कित्येक मुलं एक-दोन दिवसांत गेली. ३२९ मुलांना हा आजार झाला आणि त्यातली १८३ दगावली. आपल्या महाराष्ट्रातही त्याच सुमारास रुग्ण निघाले. सगळ्यांना आधी संशय आला जपानी मेंदूज्वराचा. पण तपासणी जुळेना. शेवटी पुण्याच्या संस्थेनं जुनं खातं उघडलं आणि ओळख पटली. १९६५ साली नागपूरकडच्या दोन माणसांच्या रक्तात सापडलेला तोच हा चांदीपुरा. अडतीस वर्षं पडून असलेलं खातं, पण नोंद नीट ठेवलेली होती म्हणून कामी आलं.

२००७ साली तो आपल्या नागपूर विभागात परत आला. ७८ रुग्ण नोंदले गेले, शेकडा त्रेचाळीसहून अधिक दगावले. तेव्हा मी नोकरीतच होतो. दुपारी डबा खाताना वर्तमानपत्रात वाचलं: ताप, उलट्या, झटके, चोवीस तास, पावसाळा, खेड्यातली लहान मुलं, मातीच्या घरातल्या वालुमाश्या. माझा घास हातातच राहिला. माझा भाचा डॉक्टर आहे. त्याला फोन लावला आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची ती रात्र पहिल्यांदा कोणाला तरी नीट सांगितली. तो म्हणाला, "मामाजी, रक्त घेतलेलं नाही, त्यामुळे नाव देता येणार नाही. चांदीपुरा असेल, जपानी मेंदूज्वर असेल, मेंदूचा मलेरियाही असेल. पण पावसात भिजून असं होत नाही, एवढं मात्र नक्की."

एवढं मात्र नक्की. ते वाक्य घेऊन मी रविवारी गावी गेलो. आईजवळ कशी गोष्ट काढली ते आता आठवत नाही. तिला विषाणू म्हणजे काय ते कळणार नव्हतं. मी म्हटलं, "आई, एक बारीक माशी असते. मच्छरापेक्षा लहान. भिंतीच्या भेगेत राहते, रात्री चावते. तिच्यामुळे असा ताप येतो. तू त्याला बांधीवर नेलंस म्हणून नाही झालं." आईनं बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. मग विचारलं, "मंग तवा कोनी काहून नाही सांगतलं?" मी काय सांगणार? तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, एवढंच म्हणालो.

मित्रहो, म्हणून मी म्हणतो की ज्ञान फक्त औषध देत नाही. चुकीच्या माणसावर लागलेला आरोपही ते काढून टाकतं.

आता आपल्या भागाकडे या. आपण धानाचा प्रदेश. तलाव, बोड्या, बांध्या, सगळीकडे साचलेलं पाणी. जपानी मेंदूज्वराचा डास याच धानाच्या पाण्यात वाढतो. तो विषाणू डुकरांत आणि बगळ्यांसारख्या पक्ष्यांत वाढतो, डासामार्फत माणसात येतो आणि माणसात त्याचा रस्ता संपतो. म्हणजे एका माणसापासून दुसऱ्याला तो होत नाही. त्यामुळे आजारी मुलाच्या घरच्यांना वाळीत टाकण्याचं कारण नाही. यावर लस आहे. आपल्या देशातल्या कोलार भागातल्या रुग्णापासून मिळवलेल्या विषाणूपासून पुण्याची संस्था आणि हैदराबादची एक कंपनी यांनी भारतीय लस तयार केली, ती २०१३ साली आली. जिथं हा आजार आहे त्या जिल्ह्यांत सरकारी कार्यक्रमात मुलांना दोन डोस देतात, एक नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. सुनांनो, लेकींनो, आज घरी गेल्यावर लेकरांचं लसीकरणाचं कार्ड काढून बघा आणि आशाताईंना दाखवा.

गोचिडीचं म्हणाल तर तीही गोष्ट पुण्याच्याच संस्थेची. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि पाठोपाठ जंगलात जाणारी माणसं तापानं पडू लागली. शास्त्रज्ञांनी मेलेली माकडं तपासली, गोचिडी वेचल्या आणि विषाणू पकडला. तो रशियातल्या एका विषाणूच्या जवळचा निघाला. मग संशय आला की सायबेरियातून येणारे पक्षी गोचिडी घेऊन आले असतील. आपल्या नवेगावबांधच्या तलावावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात ना, तसे. त्या निमित्तानं सालीम अलींच्या पुढाकारानं मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं हजारो पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांचा प्रवास तपासायला सुरुवात केली. पक्ष्यांवरचा आरोप काही सिद्ध झाला नाही. आईसारखेच तेही सुटले! पण त्या निमित्तानं कोणता पक्षी कुठून येतो याची मोठी माहिती देशाला मिळाली. तो माकडताप २०१६ पासून आपल्या राज्यात सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात, काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना झाला. आपल्याकडे जंगल आहे, माकडं आहेत, मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचायला माणसं जंगलात जातात. म्हणून जंगलात माकड मेलेलं दिसलं तर हात न लावता वनविभागाला कळवा.

तिसरा प्रकार जिवाणूंचा. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास स्क्रब टायफसचे रुग्ण निघाले. गवतात, झुडपांत राहणाऱ्या बारीक कोळीवर्गीय किड्याची पिल्लं चावतात आणि त्यांच्यातून जिवाणू अंगात जातो. पुष्कळदा चावल्याच्या जागी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसते. काखेत, जांघेत, कमरेला, जिथं आपण पाहत नाही तिथं. हा आजार वेळेवर ओळखला तर साध्या, स्वस्त गोळ्यांनी बरा होतो. ओळखला नाही तर माणूस जातो. म्हणून ताप आल्यावर डॉक्टरला फक्त "ताप आहे" एवढं सांगू नका. कुठं गेला होता, शेतात की जंगलात, गवत कापलं का, घरी कोणाला आहे का, सगळं सांगा. अंगावर खपली असेल तर दाखवा, लाजू नका.

बघा, ताप वरून सारखाच. पण एकाचा वाहक धानाच्या पाण्यात, एकाचा भिंतीच्या भेगेत, एकाचा गवतात आणि डेंग्यूचा आपल्या घरात. टाकीवर झाकण घातल्यानं वालुमाशी जात नाही, कारण ती पाण्यात वाढतच नाही. ती ओलसर मातीत, शेणकचऱ्यात वाढते. मच्छरदाणीच्या साध्या जाळीतूनही ती आत येते. तिच्यासाठी भेगा बुजवायच्या, गोठा झोपण्याच्या जागेपासून दूर ठेवायचा, लेकरांना जमिनीवर झोपवायचं नाही. वाहक कोण ते कळल्याशिवाय उपाय लागू पडत नाही.

डेंग्यूचं सांगताना मला माझीच फजिती सांगावी लागेल. मागच्या वर्षी आशाताई पाणी तपासायला आल्या. मी जरा तोऱ्यातच म्हणालो, "आमच्या घरी मच्छर नाहीत बाई, तिकडे नालीत पाहा." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "काकाजी, हा मच्छर नालीत नाही राहत, स्वच्छ पाण्यात राहतो. कूलर पाहू द्या जी." उन्हाळा संपून दीड महिना झाला होता. कूलर मागच्या व्हरांड्यात तसाच उभा. त्यांनी टॉर्च मारला. तळाच्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या. बँकेत चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाच्या कूलरमध्ये! आणि त्या तीन घरांपैकी एक घर माझ्या भिंतीला लागून आहे. डास माझ्याच कूलरमधून गेला असं कोणी सिद्ध करू शकत नाही. पण गेला नाही, असंही मी सांगू शकत नाही. ते नुकसान माझ्या खात्यावर लिहूनच मी इथं उभा आहे.

एक धोकाही सांगून ठेवतो. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत असे, असा अंदाज होता. भिंतींवर डीडीटी मारणारे लोक आमच्या गावी यायचे ते मला आठवतं. १९६५ पर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास आले. सगळ्यांना वाटलं, संपलं, खातं बंद करा. लक्ष कमी झालं, आणि १९७६ साली रुग्ण ६४ लाखांच्या वर गेले. म्हणजे शिल्लक शून्य दिसली म्हणून खातं बंद करायचं नसतं.

तेव्हा संस्थेपुढं माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, आठवड्यातून एक कोरडा दिवस. दर रविवारी सकाळी प्रत्येक घरानं टाकी, ड्रम, फुलदाणी, फ्रिजमागचा ट्रे, पक्ष्यांचं भांडं रिकामं करून घासायचं. घासायचं का, तर त्या डासाची अंडी भांड्याच्या काठाला चिकटून कोरडीसुद्धा काही महिने जगतात. आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा-दीड आठवडा लागतो, म्हणून आठवड्यातून एकदा. उन्हाळा संपला की कूलर पुसून, सुकवून झाकायचा. दुसरी, घरी कोणाला ताप आला तर रक्त तपासून घ्यायचं, आरोग्य कर्मचारी नमुना मागायला आले तर दार लावायचं नाही. तिसरी, संस्थेच्या दप्तरात एक वही ठेवायची: कोणत्या महिन्यात, किती घरी, कोणता ताप. नाव लिहायचं नाही, फक्त नोंद. ती वही मी सांभाळेन. डोळे चालतील तोवर हे काम माझ्याकडे द्या.

कोणी म्हणेल, आपल्या एवढ्याशा वहीनं काय होणार? नागपूरकडच्या त्या दोन माणसांनाही १९६५ साली वाटलं असेल, आपल्या थोड्याशा रक्तानं काय होणार. त्यांची नावं मला माहीत नाहीत. तापानं अंग मोडत असताना त्यांनी हात पुढं केला. अडतीस वर्षांनी त्या नोंदीवरून लेकरांचा आजार ओळखला गेला. आणि बेचाळीस वर्षांनी, आपल्या तालुक्यातल्या एका खेड्यात, एका म्हातारीच्या मनावरचं ओझं थोडं हलकं झालं.

त्यानंतरची रोवणी लागली तेव्हा मी मुद्दाम गावी गेलो होतो. आई पडवीत बसून बांधीकडे पाहत होती. मी जवळ बसलो. ती म्हणाली, "पानी बरा झाला यंदा. चाय मांडू का?"